रेड सॉक्सवरचा राग बॉस्टन ग्लोबवर का काढायचा?

चार्ल्सकाठ

बॉस्टन रेड सॉक्स या आमच्या बेसबॉल संघाने सगळ्यात चांगला खेळाडू रफाएल डेव्हर्सला सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाकडे पाठवल्याची बातमी १५ जून २०२५ ला आली. त्याच दिवशी फेनवे पार्क या घरच्या मैदानावर रेड सॉक्सने न्यूयॉर्कच्या यांकीजना, म्हणजे जुन्या प्रतिस्पर्ध्यांना, सलग तिसऱ्या सामन्यात हरवलं होतं. सगळे खुशीत होते आणि संध्याकाळी हे कळलं. तेव्हापासून आमच्या फ्रेमिंगहॅमच्या मराठी ग्रुपवर एकेक जण सांगतोय की बॉस्टन ग्लोब या दैनिकाची वर्गणी बंद केली. कारण सगळ्यांचं एकच: संघाचे मालक जॉन हेन्री, पेपरचे मालकही तेच. पेपरला पैसे दिले म्हणजे त्यांनाच दिले.

मला हे अजिबात पटत नाही. ग्रुपवर दोन ओळींत लिहून होत नाही, म्हणून इथे धागा काढतोय.

भारतातल्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी. न्यूयॉर्क टाइम्स कंपनीने १९९३ मध्ये ग्लोब १.१ अब्ज डॉलरना घेतला. वीस वर्षांनी हेन्रींनी तो ७ कोटी डॉलरना घेतला, आणि त्यात जवळच्या वूस्टर शहराचं दैनिकही आलं. मधल्या काळात नोकरीच्या, घराच्या, जुन्या गाड्यांच्या छोट्या जाहिराती इंटरनेटवर गेल्या आणि पेपरचा पाया खचला. २००९ मध्ये तर टाइम्स कंपनीने युनियनना बजावलं होतं की २ कोटी डॉलरची कपात मान्य करा, नाहीतर पेपर बंद करू. २०११ च्या शरदात बॉस्टनग्लोब डॉट कॉम पैसे घेऊन वाचायला मिळू लागलं, आठवड्याला ३.९९ डॉलर. पेपरची दुसरी साइट, बॉस्टन डॉट कॉम, फुकटच राहिली. २०२० पर्यंत फक्त डिजिटल वर्गणी भरणारे दोन लाखांच्या वर गेले.

हा शेवटचा आकडा मला महत्त्वाचा वाटतो. पेपर जाहिरातीवर चालतो तेव्हा जाहिरातदाराला दुखवता येत नाही. मालकाच्या खिशावर चालतो तेव्हा मालकाला. दोन लाख वाचकांच्या पैशावर चालतो तेव्हा संपादकाला मालकासमोर उभं राहून सांगता येतं की ही बातमी दाबली तर वाचक जातील. म्हणजे आपण बाहेर पडलो की हेन्रींचं नुकसान नंतर होतं, आधी त्या संपादकाच्या हातातली काठी जाते. ग्लोबमध्ये रेड सॉक्सची बातमी आली की हेन्री पेपरचेही मालक आहेत हे तिथेच छापलेलं असतं. ही पद्धत कुणाच्या तरी दबावामुळेच टिकते, आणि तो दबाव आपला आहे.

नांदेडकर

चार्ल्सकाठ, लिहिलंय तळमळीने, पण मी असहमत.

मी वूस्टरला राहतो. रेड सॉक्सचा सामना बघायचा तर नेसन. ते चॅनेलही बहुतांशी हेन्रींच्याच कंपनीचं, फेनवे स्पोर्ट्स ग्रुपचं. केबल नको असेल तर त्यांचं ॲप, २०२२ ला सुरू झालं तेव्हा महिन्याला ३० डॉलर. फेनवेला गेलो तर तिकीट यांचं. आणि मग तो सामना का हरलो हे वाचायचं तर तिसऱ्यांदा पैसे, तेही यांनाच. वर त्या कंपनीने २०१० मध्ये लिव्हरपूल घेतलं, २०२१ मध्ये पिट्सबर्ग पेंग्विन्स हा आइस हॉकीचा संघ. बॉस्टनच्या माणसाचा पैसा आणि लक्ष इंग्लंडच्या फुटबॉलवर.

चाहत्याच्या हातात एकच गोष्ट असते, पैसे न देणं. ती सोडून द्या असं तुम्ही सांगताय.

स्कोअरकार्ड

छोटी दुरुस्ती: ग्लोब फेनवे स्पोर्ट्स ग्रुपचा नाही, हेन्रींनी तो स्वतः वेगळा घेतलाय. ग्लोबची वर्गणी लिव्हरपूलच्या खेळाडूंवर खर्च होत नाही.

बाकी सविस्तर रात्री लिहिते.

कोथरूडकर

पुण्यातून वाचतोय. बेसबॉल मला जेमतेम कळतं, मुलगा तिकडे शिकायला आहे म्हणून ओढ. एक समजावून सांगा. संघातला सगळ्यात चांगला खेळाडू कुणी स्वतःहून दुसऱ्याला का देईल? आणि लोक सारखं मूकी बेट्सचं नाव घेतात, ते काय प्रकरण आहे? लोक मॅनेजरला शिव्या घालतात, मग हा निर्णय मॅनेजरचा असतो का?

स्कोअरकार्ड

कोथरूडकर काका, मॅनेजर म्हणजे मैदानावरचा, कोण कधी खेळणार ते ठरवणारा. संघ बांधतो तो वरच्या ऑफिसातला मुख्य. आणि किती खर्च करायचा हे ठरवतो मालक. हे तीन थर वेगळे केले नाहीत तर सगळा राग चुकीच्या माणसावर जातो, आणि बॉस्टनमध्ये गेली काही वर्षं तसंच होतंय.

आता बेट्स. २०१८ मध्ये रेड सॉक्सने १०८ सामने जिंकले, वर्ल्ड सिरीज म्हणजे अजिंक्यपद जिंकलं, आणि बेट्स त्या वर्षीचा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. २०२० च्या सीझननंतर तो मोकळा होणार होता, म्हणजे हव्या त्या संघाकडे जाऊ शकणार होता. तेव्हा छापून आलेले आकडे असे की संघ दहा वर्षांचे ३० कोटी डॉलर देत होता आणि तो बारा वर्षांचे ४२ कोटी मागत होता. त्यात पगारावरच्या कराची भानगड. संघांच्या एकूण पगाराला एक रेषा आखलेली असते. २०२० ला ती २०.८ कोटींची होती. ओलांडली तर वरच्या रकमेवर पहिल्या वर्षी २० टक्के कर, सलग दुसऱ्या वर्षी ३०, तिसऱ्या वर्षी ५०. एक वर्ष खाली आलात की पुन्हा २० पासून सुरुवात. रेड सॉक्स २०१८ आणि २०१९ ला वर होते.

म्हणून फेब्रुवारी २०२० मध्ये बेट्स आणि सोबत महागडा डेव्हिड प्राइस लॉस एंजेलिसच्या डॉजर्सकडे गेले. प्राइसच्या उरलेल्या ९.६ कोटींतले निम्मे रेड सॉक्सनेच भरायचे ठरले. बदल्यात अ‍ॅलेक्स वर्ड्यूगो, जीटर डाउन्स आणि कॉनर वाँग. डाउन्स काही जमला नाही, त्याला सोडून दिलं. वर्ड्यूगो २०२३ च्या डिसेंबरात चक्क यांकीजना दिला. वाँग तेवढा टिकला. आणि बेट्सने जुलै २०२० मध्ये डॉजर्सशी बारा वर्षांचा ३६.५ कोटींचा करार केला. त्यानंतर डॉजर्सनी २०२०, २०२४ आणि २०२५ ला वर्ल्ड सिरीज जिंकली.

ही अदलाबदल (ट्रेड) मला आजही सहन होत नाही. तरी दोन गोष्टी सांगते. ३१ जुलै २००४ ला याच मालकांच्या काळात नोमार गार्सियापारालाही असंच पाठवलं होतं. तो शहराचा जीव होता. लोक रडले होते. तीन महिन्यांत संघाने १९१८ नंतरची पहिली वर्ल्ड सिरीज जिंकली. तेव्हा लाडका खेळाडू देणं दर वेळी चूकच असतं असं नाही. दुसरं, बेट्सला पाठवणारे म्हणून शिव्या खाल्ल्या त्या वरच्या ऑफिसातले मुख्य काइम ब्लूम यांनी. ते २०१९ च्या ऑक्टोबरात आले, आणि खर्च खाली आणायचा हे धोरण वरून ठरलेलं होतं. सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांना काढलं. आज ज्या तरुण रोमन अँथनीसाठी फेनवे उभं राहून टाळ्या वाजवतं, तो ब्लूम यांच्याच काळात २०२२ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, ७९ व्या क्रमांकावर निवडलेला. मार्सेलो मेयरही त्यांचाच.

नांदेडकर

मेयर ड्राफ्टमध्ये चौथ्या क्रमांकावर मिळाला कारण २०२० ला संघ तळाला गेला होता, आणि तळाच्या संघाला आधी निवडता येतं. २०२२ आणि २०२३ लाही विभागात शेवटचे. हे श्रेय नव्हे, किंमत आहे.

आणि नोमारचं उदाहरण मला लागू वाटत नाही. तेव्हा नोमार देऊन जिंकायला लागणारे खेळाडू आणले होते, त्याच वर्षी जिंकायचं म्हणून. बेट्सला दिलं ते पगाराची रेषा गाठायला. आणि तो एकटा नाही. २०१४ मध्ये जॉन लेस्टर या पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला) चार वर्षांचे ७ कोटी देऊ केले, मग ओकलंडला पाठवला. शिकागोने त्याला सहा वर्षांचे १५.५ कोटी दिले आणि २०१६ ला तो तिथे वर्ल्ड सिरीज जिंकला. २०२२ च्या डिसेंबरात आणखी एक मोठा खेळाडू, बोगार्ट्स, सॅन डिएगोला गेला. डेव्हर्सला मात्र जानेवारी २०२३ मध्ये दहा वर्षांचे ३१.३५ कोटी कबूल केले, चाहत्यांना सांगितलं की हा आपला माणूस, आणि अडीच वर्षांत तोही गेला. स्कोअरकार्ड, तू म्हणतेस तीन थर वेगळे करा. केले. ऑफिसातला मुख्य बदलत गेला: चेरिंग्टन, डॉम्ब्रॉव्स्की, ब्लूम, आता ब्रेस्लो. बदलला नाही तो सगळ्यात वरचा थर. म्हणूनच माझे पैसे त्या थराला जाणार नाहीत.

स्कोअरकार्ड

वरच्या थराबद्दल सहमत. पण त्याच थराने २००४, २००७, २०१३, २०१८ अशा चार वर्ल्ड सिरीज दिल्या. त्याआधी ८६ वर्षं काही नव्हतं. आणि २०२५ ला डेव्हर्स गेल्यावरही संघाने ८९ सामने जिंकले, प्लेऑफला म्हणजे बाद फेरीला गेला. यांकीजकडून हरलो, पण गेलो.

जास्वंद

मी क्विन्सीला पस्तीसेक वर्षं आहे. ग्लोब तेव्हापासून घरी येतो, आता दोघं निवृत्त झालो म्हणून फक्त डिजिटल. २०११ ची गोष्ट इथे यायलाच हवी, ती आली नाही म्हणून लिहिते.

त्या वर्षी सप्टेंबरच्या सुरुवातीला प्लेऑफच्या जागेसाठी रेड सॉक्सकडे नऊ सामन्यांची आघाडी होती. महिनाभरात ७ जिंकले, २० हरले आणि शेवटच्या रात्री बाहेर. मॅनेजर टेरी फ्रँकोना गेले, वरच्या ऑफिसातले मुख्य थिओ एपस्टाइन शिकागोच्या संघाकडे गेले. मग ऑक्टोबरात ग्लोबने पहिल्या पानावर मोठा वृत्तान्त छापला: सामना चालू असताना काही पिचर आत बसून बिअर पितात, फ्राइड चिकन खातात, व्हिडिओ गेम खेळतात. सगळं शहर ढवळून निघालं.

आता लक्षात घ्या, तेव्हा ग्लोबची मालक न्यूयॉर्क टाइम्स कंपनी होती आणि त्या कंपनीकडे २००२ पासून रेड सॉक्समध्ये भाग होता. शेवटचा भाग त्यांनी २०१२ ला विकला. म्हणजे पेपर आणि संघ यांचं नातं हेन्रींनी सुरू केलेलं नाही, ते आधीचंच आहे. आणि ते असतानाही हा वृत्तान्त आला.

पण मला तेव्हा एक गोष्ट खटकली आणि आजही खटकते. त्या लेखात नाव न देता बोलणारे होते, आणि फ्रँकोनांच्या घरगुती अडचणी, त्यांची वेदनाशामक औषधं, हेही त्यात होतं. जो माणूस दोन वर्ल्ड सिरीज जिंकून दाराबाहेर पडतोय त्याच्याबद्दल हे कुणी सांगितलं? चिकन आणि बिअरची बातमी हवीच होती. औषधांची नको होती. मी त्याच आठवड्यात संपादकांना पत्र लिहिलं. वर्गणीदार म्हणून लिहिलं. वर्गणी बंद करून लिहिलं असतं तर त्या पत्राला काय वजन राहिलं असतं?

चार्ल्सकाठ

जास्वंदताई, +१. माझ्या पहिल्या प्रतिसादात हे यायला हवं होतं इतकं नेमकं.

शाईवाला

मी बारा-तेरा वर्षं एका दैनिकाच्या डेस्कवर काढली, आता त्या धंद्यात नाही. बेसबॉलमधलं फारसं कळत नाही, पैशाच्या बाजूबद्दल लिहितो.

लोक पैसे देतात का, याचं उत्तर एकच नाही. न्यूयॉर्क टाइम्सने २००५ मध्ये फक्त स्तंभलेखक पैशाच्या भिंतीमागे ठेवले, वर्षाला ४९.९५ डॉलर. २,२७,००० लोकांनी भरलेही. तरी २००७ मध्ये बंद केलं, कारण सर्चमधून येणारा वाचक आणि त्याच्यासोबतची जाहिरात जास्त मोलाची वाटली. लाँग आयलंडच्या न्यूजडेने २००९ मध्ये आठवड्याला ५ डॉलर लावले आणि पहिल्या तीन महिन्यांत ३५ माणसं मिळाली. ३५ हजार नव्हे, ३५. यावर लोक फार हसले, पण त्या भागात बहुतेकांना केबलच्या किंवा छापील अंकाच्या वर्गणीबरोबर ते फुकट मिळत होतं, हे कुणी सांगत नाही.

मग मार्च २०११ मध्ये टाइम्सने मीटर लावला. महिन्याला २० लेख फुकट, पुढे पैसे. पुढच्या वर्षी २० चे १० केले, २०१७ अखेरीस ५. हे चाललं, कारण रोज येणाऱ्या माणसाकडूनच पैसे घेतले आणि चुकून आलेल्याला दार उघडं ठेवलं. क्रीडापानाचा वाचक हा असा रोज येणाराच असतो. १६२ सामन्यांचा सीझन, एप्रिल ते सप्टेंबर जवळजवळ रोज सामना. वर्गणीच्या धंद्याला याहून चांगला वाचक नाही.

द अ‍ॅथलेटिकने २०१६ मध्ये शिकागोत नेमकं हेच ओळखलं. जाहिरात नाही, फक्त वर्गणी, आणि गावोगावच्या दैनिकांतले चांगले क्रीडा वार्ताहर उचलायचे. जानेवारी २०२२ मध्ये टाइम्सने ती कंपनी ५५ कोटी डॉलरना घेतली. २०२३ च्या जूनमध्ये तिथल्या जवळजवळ वीस पत्रकारांना काढलं आणि प्रत्येक संघाला एक वार्ताहर हा नियम सोडला. पुढच्याच महिन्यात टाइम्सने स्वतःचा क्रीडा विभाग बंद करायचं जाहीर केलं.

म्हणून नांदेडकर, तुम्हाला वाटतं की ग्लोब बंद केला तरी रेड सॉक्सबद्दल वाचायला दुसरीकडे मिळेल. मत भरपूर मिळेल. पॉडकास्टवर दिवसभर मत चालतं. पण रोज ड्रेसिंग रूममध्ये जाऊन, विमानाचं तिकीट काढून संघाबरोबर फिरून, फ्लोरिडातल्या संघाच्या सरावाला फेब्रुवारीपासून बसून मिळवलेली बातमी देणारी माणसं कमी होत चालली आहेत. ते मत त्या बातमीवरच जगतं.

कोथरूडकर

वाचतोय, शिकतोय. इकडचं सांगतो. आमच्याकडे सकाळी सहाला व्हॉट्सॲपवर सगळ्या मराठी पेपरांच्या पीडीएफ येतात, कोण टाकतं माहीत नाही. लोक तीच वाचतात. छापील अंक घेतला तरी किंमत इतकी कमी की महिन्याच्या रद्दीत त्यातलं बरंच परत येतं. म्हणजे वाचकाने पेपर कधी पोसलाच नाही, जाहिरातदाराने पोसला. त्यामुळे ऑनलाइन पैसे मागितले की लोकांना फसवल्यासारखं वाटतं. मला स्वतःला चार्ल्सकाठ यांचं म्हणणं पटलं. महापालिकेची बातमी हवी तर ती आणणाऱ्याचा पगार कुणीतरी द्यायलाच हवा.

नांदेडकर

शाईवाला, तुमचा प्रतिसाद उत्तम आहे. पण मी वूस्टरचा आहे हे मी उगाच सांगितलं नव्हतं.

२०१३ मध्ये हेन्रींनी ग्लोबबरोबर आमचा टेलिग्राम अँड गॅझेटही घेतला. २०१४ मध्ये तो फ्लोरिडाच्या हॅलिफॅक्स मीडियाला विकून टाकला. पुढे तो गेटहाउस या कंपनीकडे आणि मग गॅनेटच्या साखळीत गेला; त्या कंपनीचं नाव २०२५ मध्ये यूएसए टुडे कंपनी झालं. प्रत्येक हातबदलात वार्ताहर कमी झाले. आमच्या नगर परिषदेच्या बैठकीला पूर्वी पेपरचा माणूस ठरलेला असायचा. इथे पोलार पार्क नावाचं स्टेडियम शहराच्या कर्जातून बांधलं, २०२१ पासून रेड सॉक्सचा खालच्या फळीचा संघ तिथे खेळतो. त्या कर्जाचा हिशेब नीट विचारायला आमच्याकडे किती पत्रकार उरलेत? बॉस्टनच्या वाचकाला हेन्री चांगले मालक वाटत असतील. आम्ही त्यांच्याच हातून विकले गेलो.

चार्ल्सकाठ

नांदेडकर, हे तुमचं दुःख खरं आहे आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. त्या विक्रीचं समर्थन मी करणार नाही.

पण तुम्हीच दाखवलं की हेन्रींनी विकल्यावर काय होतं. ग्लोब तोट्यात गेला आणि त्यांनी विकला तर घेणार कोण? शहरातल्या दुसऱ्या दैनिकाचं, बॉस्टन हेरल्डचं पाहा. डिसेंबर २०१७ मध्ये दिवाळखोरी, २०१८ मध्ये आल्डन या गुंतवणूक फंडाच्या कंपनीने घेतला. त्या फंडाने देशभरातल्या पेपरांचं काय केलं ते शाईवाला जास्त सांगतील. चर्चमधल्या मुलांच्या छळाची २००२ ची शोधमालिका ग्लोबच्या स्पॉटलाइट टीमने केली. तशी टीम महिनोन्‌महिने एका विषयावर बसवायला पैसे लागतात, आणि ते क्रीडापानाच्या वर्गणीतूनही येतात. डेव्हर्समुळे सोडून गेलेला वाचक ते पैसेही घेऊन जातो.

ज्यांना खरोखर परवडत नाही त्यांच्यासाठी: गावातल्या सार्वजनिक वाचनालयात विचारा. मॅसॅच्युसेट्समध्ये बऱ्याच वाचनालयांत कार्डावर ग्लोब वाचता येतो. बॉस्टन पब्लिक लायब्ररीचं ई-कार्ड तर राज्यातल्या कुठल्याही रहिवाशाला मिळतं.

स्कोअरकार्ड

जानेवारी २०२३ मध्ये स्प्रिंगफील्डला चाहत्यांच्या मेळाव्यात हेन्रींना समोरासमोर हुर्यो मिळाली. मला तो निषेधाचा योग्य मार्ग वाटतो. ज्याने निर्णय घेतला त्याच्या तोंडावर. आणि त्याची बातमी ग्लोबनेही दिली.

जास्वंद

बातमी दिली, मान्य. पण मला मालकांकडून उत्तरं हवी आहेत. २०२४ मध्ये हेन्री सविस्तर बोलले ते लंडनच्या फायनान्शियल टाइम्सशी. स्वतःचं शहर, स्वतःचा पेपर, आणि बेट्सबद्दल, खर्चाबद्दल बॉस्टनच्या वार्ताहरासमोर बसून प्रश्न घेणं मात्र जवळजवळ नाहीच. ग्लोबच्या स्तंभलेखकांनी हे वारंवार लिहिलंय, त्याबद्दल त्यांचं कौतुक. तरी वर्गणीदार म्हणून मी या महिन्यात पुन्हा पत्र लिहिणार आहे. मसुदा इथे टाकते, ज्यांना सही करायची त्यांनी करा.

नांदेडकर

जास्वंदताई, मसुदा टाका. मी वर्गणीदार नाही, पण सही करेन, आणि नावापुढे लिहीन की वर्गणी का बंद केली. त्यात वूस्टरच्या पेपरच्या विक्रीचाही प्रश्न घाला. हेन्री ग्लोबच्या वार्ताहरासमोर बसले आणि हे दोन्ही प्रश्न विचारून उत्तरं जशीच्या तशी छापली, तर त्या दिवशी मी वर्षभराचे पैसे भरतो.

चार्ल्सकाठ

ठीक. वूस्टरचा प्रश्न पहिला घालू, बेट्सचा दुसरा. ताई, रविवारपर्यंत मसुदा जमेल का?